बिनरंगाची राधा

"डॉक्टर, मला राधा करायची आहे."

डॉ. भाविका शेट्ये यांनी हातातलं भिंग खाली ठेवलं. समोरच्या खुर्चीत एक दणकट गडी बसला होता. बोटांना सिमेंटनं पडलेल्या भेगा, खांदे दरवाजाएवढे, अंगावर इस्त्रीचा शर्ट. बाहेर आषाढाचा पाऊस कोसळत होता आणि त्याची छत्री दवाखान्याच्या कोपऱ्यात तळं करत होती.

"राधा करायची म्हणजे?"

"नमनात. गौळणीत. मी राधा असतो. म्हणजे, असते." त्याचं त्यालाच हसू आलं. "पुरुषच करतात आमच्याकडे. आमच्या मंडळात मी करतो. दहावीत असल्यापासून."

हा आमच्या वाडीतला नितेश गोताड. रत्नागिरीजवळच्या पालीपासून आत, चढण चढून गेलं की आमची वाडी लागते. नितेश गवंडी. चिऱ्याची भिंत अशी सरळ उभी करतो की ओळंबा लावणाऱ्याला लाज वाटावी. पण वाडीत त्याला कुणी भिंतींसाठी ओळखत नाही. नमनाच्या, म्हणजे आमच्या गाण्या-नाचाच्या खेळात मृदंग घुमला, झांजा वाजल्या आणि डोक्यावर घागर घेऊन तो मंचावर आला की समोर बसलेल्या बाया एकमेकींना कोपरानं ढोसतात: "बघ गो, चालते कशी! आपल्याला जमंल काय?"

चेहरा मात्र त्याचा सोळाव्या वर्षी बिघडला. तारुण्यपिटिका आल्या त्या अशा आल्या की गाल, कपाळ, हनुवटी काही सोडलं नाही. त्यानं त्या फोडल्या. पुळ्या गेल्या, खड्डे राहिले. शाळेतल्या पोरांनी नाव ठेवलं, 'जांभा'. जांभ्या दगडाला असतात तशी भोकं भोकं. नितेश हसून घ्यायचा. राधा होताना तर त्याला काही वाटतच नसे, कारण सफेदा आणि पिवडी, म्हणजे पांढरी-पिवळी भुकटी, कालवून त्याचा जाड थर गालावर दिला की खड्डे बुजत. पुढच्या रांगेतल्या माणसालाही कळत नसे.

मग मोबाइल आले. प्रत्येक प्रयोगाचा व्हिडिओ निघू लागला, आणि कॅमेरा अगदी नाकाशी जाऊ लागला. दोन तास घाम गाळल्यावर राधेच्या गालावरचा थर सुकलेल्या मळ्यातल्या चिखलासारखा तडकलेला दिसायचा. गेल्या शिमग्यातल्या व्हिडिओखाली कुणीतरी लिहिलं, 'राधेला पुट्टी भरा रे.' त्याखाली हसणारी तोंडं, ओळीनं.

ते रावजीबुवांनी वाचलं. रावजीबुवा म्हणजे मंडळाचे म्होरके. मृदंगावर त्यांचा हात आणि मंडळावर त्यांचा शब्द. त्यांनी नितेशला बोलावून सरळ सांगितलं, "तुजा आवाज हाय, चाल हाय, सगळा हाय. पण आता लोकं तोंड बघतात. तुळशीच्या लग्नानंतर रत्नागिरीच्या नाट्यगृहात पयला प्रयोग. तवर कायतरी कर. नायतर राधा हितेशला."

हितेश त्यांचा पुतण्या. कॉलेजात शिकणारा, गाल लोण्यासारखा. गौळणींत उभा राहायचा. त्याला चार ओळी एका सुरात म्हणता येत नव्हत्या, पण व्हिडिओत तो छान दिसे.

म्हणून नितेश या खुर्चीत येऊन बसला होता.

डॉक्टरांनी दिवा जवळ ओढला, त्याचा गाल दोन बोटांनी ताणून पाहिला. "पुळ्या अजून येतात?"

"नाही. थांबल्या त्याला वर्षं झाली."

"हे बरं. चालू पुळ्यांवर मी सुई लावत नाही. जखम झाली की तिथे मांस वाढतं का? गाठीसारखं?"

त्यानं दंडावरचा जुना व्रण दाखवला. सपाट होता. डॉक्टरांनी मान डोलावली.

"याला मायक्रोनीडलिंग म्हणतात. पेनासारखं यंत्र असतं, टोकाला बारीक सुया. त्या झरझर वरखाली होतात आणि त्वचेला शेकडो छिद्रं पाडतात."

"आधीच भोकं आहेत, त्यात आणखी?"

डॉक्टर मोठ्यानं हसल्या. "सगळे हेच विचारतात. हे बघ, तुझ्या गालातला खड्डा नुसता वरचा नाही. आत दोऱ्यांसारखे धागे आहेत, त्यांनी त्वचा खाली ओढून धरलीय. सुई ते धागे ठिकठिकाणी तोडते. आणि दुसरं म्हणजे शरीराला वाटतं, इथे जखम झाली. मग ते दुरुस्तीला माणसं पाठवतं. रक्त येतं, त्यातून नव्या पेशींना निरोप जातो आणि त्या कोलॅजन विणायला बसतात. कोलॅजन म्हणजे त्वचेचा आतला आधार. तो भरला की खड्ड्याचा तळ हळूहळू वर येतो."

"किती वर?"

"खोटं सांगणार नाही. सगळे जाणार नाहीत. उथळ होतील, कडा बोथट होतील. एका वेळेत होत नाही, महिन्या-दीड महिन्याच्या अंतरानं पुन्हा पुन्हा बसावं लागेल. आणि सुया थांबल्या तरी आतलं काम पुढे कित्येक महिने चालू राहतं. उन्हात काम करतोस ना?"

"पावसात बांधकाम बंद असतं."

"मग तू अगदी मुहूर्तावर आलायस."

घरी हौसाकाकीनं, म्हणजे त्याच्या आईनं, हे ऐकलं आणि तव्यावरची भाकरी तशीच ठेवून ती बाहेर आली.

"बापयमाणसानं तोंड रंगवायचा ता रंगवायचा, वर सुया टोचून घ्यायच्या? तुजा बापूस मुंबैत गिरणीच्या धुरात तोंड काळा करून आला, त्यानं केला काय कवा असला?"

"आये, बाबांना राधा नव्हती करायची."

आत भाकरी करपली.

पहिल्या वेळी तीही सोबत गेली, लक्ष ठेवायला. चेहरा धुऊन भुलीचं मलम लावून नितेशला बसवलं होतं आणि काकी त्याच्या पांढऱ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "रंग हितंच लावतात काय?" मलम पुसलं, यंत्राची गुणगुण सुरू झाली. कपाळावर, नाकाशेजारी सुया गेल्या की त्याच्या पायाची बोटं आखडत होती. गालावर रक्ताचे टिपके उमटले, टाचणीच्या डोक्याएवढे. काकीनं तोंड फिरवलं, पण मुठीत धरलेला त्याच्या हाताचा अंगठा तिनं सोडला नाही.

"दुखला काय रे?"

"चिऱ्याची कपची उडते ना, तसं. पण खूप कपच्या."

दोन दिवस चेहरा उन्हानं भाजल्यासारखा लाल होता. तिसऱ्या दिवशी बारीक साल निघाली. काकीनं कोकमाचं तेल, आमच्याकडचं मुठेल, कोमट करून आणलं. प्रत्येक जखमेवर आम्ही तेच लावतो. नितेश उठून अंगणात पळाला. "आये, डॉक्टरांनी दिलंय तेवढंच! मुठेल तुझ्या टाचांना लाव!" शेजारच्या तीन घरांनी ऐकलं. त्या दिवसापासून वाडीत कुणाला काहीही लागलं की पोरं ओरडू लागली, "मुठेल टाचांना लाव!"

आषाढात एकदा, श्रावणात एकदा, गौरी गेल्यावर पुन्हा. पहिल्या वेळेनंतर आरशात काहीच बदललं नव्हतं. दुसऱ्या वेळेनंतर त्याला वाटलं, प्रकाश वेगळा असेल. गौरीनंतर एके दिवशी काकी भात कांडायला देऊन परत आली, ओटीवर थबकली आणि त्याची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे फिरवला, गालावरून बोट ओढलं. तशीच आत गेली. चुलीपाशी शेजारणीला म्हणाली, "गालावर बोट फिरवलंव. लागत नाय गो आता. आदी लागत होता तेवढा."

खड्डे होतेच. पण वाटीसारखे होते ते बशीसारखे झाले होते. नितेशची मान ताठ झाली. नदीवर जाताना तो उगाच वरच्या वाटेनं, चार घरांसमोरून जायचा.

आणि मग त्याच्यातल्या गवंड्यानं घात केला.

दिवाळीनंतर तालमी सुरू झाल्या. पहिल्यांदा रंग लावून बघितला तेव्हा त्याच्या लक्षात आलं, सफेदा घसरतोय. पूर्वी खड्ड्यांत घट्ट बसायचा, आता गालावरून ओघळायला लागला. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, थर पातळ लावू. नितेश गवंडी. गवंड्याला ठाऊक असतं की गुळगुळीत भिंतीवर गिलावा धरत नाही. काँक्रीट असेल तर आधी छिन्नीनं टाचे मारायचे, भिंत खरबरीत करायची, मग ओला गिलावा मारायचा. टाचे जितके दाट, तितकी पकड चांगली. त्यात डॉक्टरांची सुई म्हणजे टाचेच की! त्यानं मोबाइलवर सुयांचा एक लहानसा रोळ मागवला. पाली बाजारात पार्सल आलं. रंगीत तालमीच्या सकाळी त्यानं आरसा टांगला, भिंतीवर करावं तसं आडवं, उभं, तिरपं दाबून फिरवलं, आणि रक्ताचे टिपके सुकायच्या आत सफेदा चढवला.

तालमीत गणाच्या दुसऱ्या कडव्याला गालांना आग लागली. तिसऱ्याला डोळे पाण्यानं भरले. रावजीबुवांना वाटलं, भाव आलाय. "वा!" ते म्हणाले. गौळणीपर्यंत पोचण्याआधी राधा विहिरीकडे धावत सुटली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर भाविका त्याच्याकडे बघत राहिल्या. गाल सुजलेले, पुरळ उठलेलं, जिथे तिथे ओरखडे.

"कुणी सांगितलं हे करायला?"

"कुणी नाही. मला वाटलं, टाचे मारले की गिलावा धरतो."

"काय मारले?"

त्यानं समजावून सांगितलं. डॉक्टरांनी शांतपणे ऐकलं. रागावण्याच्या बेतात होत्या, पण बोलल्या त्या त्याच्याच भाषेत. "नितेश, भिंत मेलेली असते. तिला टाचे मारले की गिलावा तू मारतोस, वरून. चेहरा जिवंत आहे. त्याला सुई मारली की गिलावा शरीर मारतं, आतून. दारं उघडून ते कामाला बसलं, आणि तू त्या उघड्या दारांतून सफेदा ओतलास. शिवाय इथल्या सुया निर्जंतुक असतात, सरळ आत जाऊन सरळ बाहेर येतात. तुझ्या रोळाच्या सुया तिरक्या शिरतात आणि साल फाडतात. किती खोल, तेही तुझ्या हातात नाही."

"माझं काम वाया गेलं?"

"आतलं नाही गेलं. वर जखम केलीस. औषधं घ्यायची, हे मलम लावायचं, आणि मी सांगेपर्यंत तोंडाला रंग नाही."

"रविवारी प्रयोग आहे."

"रंग नाही."

नितेश दारापर्यंत गेला. तिथून वळून म्हणाला, "रंग नाही. पण उभं राहायला हरकत नाही ना?"

डॉक्टरांना क्षणभर कळलं नाही. मग कळलं. "शनिवारी येऊन दाखव. जखमा सुकलेल्या असतील, पू नसेल, तर उभा राहा. घाम आला की झोंबेल."

"झोंबू दे."

शनिवारी जखमा सुकल्या होत्या. सूज उतरली होती. लाली मात्र होती तशीच होती, दोन्ही गालांवर, कुंकू सांडल्यासारखी.

रविवारी दुपारी नाट्यगृहाच्या रंगपटात रावजीबुवा रंगाचं ताट मांडून बसले होते. आमच्या मंडळाची एक रीत आहे. रंगाचं पहिलं बोट बुवा प्रत्येकाच्या कपाळाला लावतात. ते बोट लागलं की तोंड धुवेपर्यंत त्या माणसाला त्याच्या नावानं कुणी हाक मारत नाही. मंडळातला भिकाजी मग भिकाजी राहत नाही, कृष्णाचा गडी पेंद्या होतो. आणि बोट लागल्याशिवाय मंचावर कुणी पाय ठेवत नाही.

नितेश राधेचं हिरवं पातळ नेसून, नथ घालून, अंबाडा बांधून समोर येऊन बसला. चेहरा नुसता, धुतलेला.

"ह्या काय?" बुवा म्हणाले.

"डॉक्टरांनी रंग बंद केलाय."

"मग पातळ सोड." बुवा हितेशकडे वळले. "तू नेस."

हितेशचा अर्धा गाल रंगलेला होता, त्यातूनही तो पांढरा पडलेला कळला. "काका, माजं पाठ नाय."

"चार ओळी हायत मेल्या!"

"चार नाय, चाळीस हायत," भिकाजी कोपऱ्यातून म्हणाला. "नि नितेश त्यात आणखी घालतो त्या येगळ्या."

"बुवा," नितेश म्हणाला, "मी असाच जातो."

"बिनरंगाचा? माज्या आज्यापासून ह्या मंडळात कोण बिनरंगाचा उभा ऱ्हायला नाय. समोर हजार माणूस हाय. वरती दिवे हायत. तुजा एकेक खड्डा बघतील नि मागल्यासारखा लिवतील, पुट्टी भरा."

"लिवू देत. मागल्या बारीला ते रंगाला हसले. तडकला होता म्हणून हसले. तोंड माजं अजून कुणी बघितलंच नाय, तर हसतील कुठनं?"

"शब्दांनी राधा होत नाय."

"नाय होत," नितेश म्हणाला आणि उठला.

कोपऱ्यातली घागर त्यानं उचलली, डोक्यावर ठेवली, आणि रंगपटाच्या त्या चिंचोळ्या बोळातून, कपड्यांच्या पेट्या, चपला, चहाचे कप ओलांडत दारापर्यंत चालत गेला. दारात वळला. आता वळायचं कसं, हे मी कितीही लिहिलं तरी सांगता येणार नाही. आधी मान वळली, मग डोळे, मग खांदा, आणि घागर होती तिथेच. कुणाची तरी वाट बघत असल्यासारखे ते डोळे. गाल लाल. मागे कुणाची तरी बोटं नकळत मृदंगावर पडली, हळूच.

ती बोटं रावजीबुवांचीच होती.

बुवांनी हात आवरला. ताटातल्या रंगात बोट बुडवलं आणि नितेशच्या कपाळाकडे नेलं. तिथे थांबले. एक डोळा बारीक करून गालांकडे बघितलं, मग बोट खाली आणलं आणि त्याच्या उजव्या तळहातावर टेकवलं.

"जा गो राधे," ते म्हणाले. "घागर सांभाळ."

पडदा वर गेला. गण झाला. राधा आली तेव्हा पुढच्या रांगांत कुजबूज झाली. ते मी ऐकलं, हौसाकाकीनं ऐकलं. तिनं माझं मनगट इतकं दाबलं की बांगडी रुतली. बाकी सगळ्या गौळणी पांढऱ्याफटक, आणि मधोमध हा सावळा, लाल, खड्डे-खळगे असलेला उघडा चेहरा. मोबाइल वर झाले.

भिकाजी आमचा जुना खेळिया. त्यानं कुजबूज ऐकली, आणि जे पाठात नव्हतं ते सरळ तोंडावर फेकलं. "काय गो राधे! बाकीच्या चुन्यात बुडवून काढलेल्या, नि तुज्या तोंडावर आज कायच नाय? नि लाल कशानं झालीस? मुंग्या चावल्या?"

नितेशनं घागर कमरेवर घेतली. भिकाजीकडे असं बघितलं, की भिकाजीच एक पाऊल मागे सरकला.

"पेंद्या, सुया टोचून घेतल्यायत सुया! महिन्या महिन्यानं! तुज्या देवानं येका नजरंत वळखायला पायजे, म्हणून. चुना लावून तर कोनपन राधा व्हतो. ये हिकडं, तुला लावते!"

हसू आधी मागून आलं, बाल्कनीतून. मग पुढच्या रांगांत फुटलं. टाळ्या पडल्या त्या थांबेनात. रावजीबुवांनी त्या टाळ्यांवरच मृदंग उचलला, आणि नितेशनं गौळण लावली ती वरच्या पट्टीत, ज्या पट्टीत तो तालमीत कधी गेला नव्हता. घाम सुटला. झोंबत असणार, डोळ्यांच्या कडा ओल्या दिसत होत्या. पण काही तडकलं नाही, काही ओघळलं नाही. भुवईचा एवढासा चाळा शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होता. जाड थराखाली वर्षानुवर्षं काय काय दडून बसलं होतं ते त्या दुपारी आम्ही पहिल्यांदा बघितलं.

काकी शेजारच्या अनोळखी बाईला सांगत होती, "माजा पोरगा हाय तो. तिसऱ्यांदा सुया घेतल्या तवा पण मी संगत होतंव." ती गेली होती एकदाच.

प्रयोग संपल्यावर मागच्या दाराशी पाण्याचा पाइप होता, तिथे नितेश पातळ खोचून तोंडावर पाणी मारत होता. कॉलेजातली एक मुलगी आली. हनुवटीवर पुळ्यांचे काळे व्रण होते, ओढणीनं झाकलेले.

"दादा, ते सुयांचं तुम्ही मंचावर बोललात, ते खरंच?"

"खरंच."

"सगळे गेले नाहीत तुमचे."

"सगळे जातच नाहीत. डॉक्टरांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. आधी तुझ्या पुळ्या थांबायला हव्यात, मग सुई. आणि एक, घरी रोळ मागवू नकोस. काय होतं ते बघितलंस ना, हे लाल?"

"मला वाटलं ते तुम्ही मुद्दाम केलंय."

नितेश एवढा हसला की नाकात पाणी गेलं.

टेम्पोत पेट्या चढल्या होत्या. ऊन उतरायच्या आत हातखंब्याचा फाटा गाठायचा होता. रावजीबुवा पुढच्या सीटवर मृदंग मांडीवर घेऊन बसले होते. नितेश खिडकीशी गेला.

"बुवा, लांज्याच्या प्रयोगाला रंग लावू ना? तोवर बरा होईन."

बुवांनी त्याच्या ओल्या चेहऱ्याकडे बघितलं. तोंड धुऊन झालं होतं, म्हणजे रीतीप्रमाणे तो आता पुन्हा नितेश होता.

"डॉक्टरीणबाईंना विचार," ते म्हणाले. "नि त्या हो म्हणाल्या तरी पातळ लाव. लय पातळ. आता बस मागं राधे, उशीर झालाय."